बाळंतपणानंतरचा रक्तस्राव: पहिली पाच मिनिटं कुणाच्या हातात?

सुनेत्रा_खारेगाव

नमस्कार मंडळी.

माझी सगळी नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. आता निवृत्त आहे. इथे 'ठाण्यात बाळंतपणासाठी चांगलं हॉस्पिटल सुचवा' असे धागे वरचेवर येतात आणि खाली चर्चा होते ती एसी रूमची, पॅकेजची, पार्किंगची. ते विचारावंच. पण बाईचा जीव ज्यावर अवलंबून असतो ते कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

बाळ रडलं, बाहेर फोनाफोनी सुरू झाली की सगळ्यांना हायसं वाटतं. आईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो तो याच तासात. दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लीटर किंवा त्याहूनही जास्त रक्त येत असतं. वार (प्लॅसेंटा) सुटली की पिशवीचे स्नायू आवळले जातात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबून धरतात. पिशवी सैल राहिली तर ती तोंडं उघडीच राहतात. वारेचा तुकडा आत अडकला किंवा आतून कुठे फाटलं, तरी रक्त थांबत नाही. लेबर रूममध्ये याला सगळे पीपीएच (पोस्टपार्टम हॅमरेज) म्हणतात. धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत हाताबाहेर जाऊ शकते.

आणि हे रक्त मोजतात कसं? बहुतेक ठिकाणी नजरेने. चादरीत मुरलेलं, ट्रेमध्ये साचलेलं, फरशीवर सांडून मावशींनी पुसून घेतलेलं, सगळं धरून एक अंदाज. रक्त जितकं जास्त, तितका हा अंदाज कमी पडतो. त्यात तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. आधी नाडी पळायला लागते. बीपी पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. बाईच्या कमरेखाली सरकवायची प्लॅस्टिकची चादर, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मिलीलीटरच्या खुणा. ही चादर पुढे आणली आपल्या शेजारच्या बेळगावने. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. बी. एस. कोडकणी आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या गटाने खेड्यांतल्या बाळंतपणांत ती वापरली. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला: १,६२० बायका, आणि गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देणाऱ्या होत्या गावातल्या एएनएम (सहायक परिचारिका) सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं.

मग २०२३ साली ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातले डॉ. अरी कुमारस्वामी त्याचे प्रमुख. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. अर्ध्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत ठेवली. उरलेल्यांत ही मोजणारी चादर दिली, आणि रक्त ठरावीक खुणेच्या वर गेलं की पाच गोष्टी एकदमच सुरू करायच्या असं ठरवून दिलं: गर्भपिशवी चोळणं, ती आवळणारं ऑक्सिटोसिनसारखं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी. तरी थांबलं नाही तर वरच्याला हाक. लीटरभर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं धरून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मे रक्तस्राव कुणाच्या लक्षातच येत नव्हते. चादर लावल्यावर ९३ टक्के लक्षात आले.

यातलं एकही औषध नवं नाही. सगळी आपल्या कपाटात असतात. बदललं काय, तर रक्त मोजलं गेलं, उपचार एकामागून एक न देता एकत्र दिले गेले, आणि खाटेजवळ उभी असलेली सिस्टर ते स्वतः सुरू करू शकली. आपल्याकडे अडतं ते इथेच. रात्रपाळीला दिसतंय की जास्त जातंय, पण ट्रॅनेक्झॅमिक लावू का, हे विचारायला फोन, फोन उचलेपर्यंत वाट, मग 'आलोच, तोवर सलाईन चालू ठेवा'. ती मिनिटं बाईची असतात.

माझ्या मते प्रसूतिगृहातलं नेतृत्व यावरून ओळखावं: प्रमुखांनी हा अधिकार सिस्टरला आधीच, लेखी दिला आहे का? ठाण्यात, नवी मुंबईत काम करणाऱ्यांनी आणि बाळंत झालेल्यांनी आपापला अनुभव लिहावा. रुग्णालयांची नावं नकोत. पद्धत काय होती ते लिहा.

पल्लवी_कासारवडवली

वाचून अंगावर काटा आला, पण लिहिलंत ते बरं केलंत. माझा सातवा महिना चालू आहे. एवढं सगळं वाचून झोप उडेल असं वाटलं होतं, उलट कुठे लक्ष द्यायचं ते कळलं.

नेरुळचा_डॉक्टर

सुनेत्राताई, नमस्कार. मी प्रसूतितज्ज्ञ आहे, नवी मुंबईत लहानसं नर्सिंग होम आहे. तुमच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण दोन-तीन गोष्टी मांडतो.

पहिली, ई-मोटिव्ह फक्त योनीमार्गे झालेल्या प्रसूतींवर होता. आपल्या शहरी खाजगी रुग्णालयांत चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खाजगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होत्या, सरकारीत १४.३ टक्के. सिझरमध्ये चादरीचा उपयोग नाही. तिथे रक्त सक्शनच्या बाटलीत आणि मॉपमध्ये (रक्त टिपायच्या कापडात) जातं, आणि पाठोपाठच्या सिझरनंतर वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. त्या रक्तस्रावापुढे हे पाच उपाय पुष्कळदा अपुरे पडतात. रक्तस्राव कमी करायचा तर गरज नसलेलं पहिलं सिझर टाळणं हासुद्धा त्यातलाच भाग आहे, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो.

दुसरी, लेखी अधिकार द्यायचा कुणाला? मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारिका असते. लहान नर्सिंग होममध्ये अनेकदा तशी नसते, आणि ज्या असतात त्या अनुभव मिळाला की मोठ्या रुग्णालयात जातात. फॉग्सीचा (प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेचा) 'मान्यता' उपक्रम आहे, खाजगी प्रसूतिगृहांसाठी १६ वैद्यकीय मानकं. त्यात रक्तस्रावाची हाताळणी येते आणि स्टाफचं प्रशिक्षण येतं. माझ्याकडे फरक पडला तो त्या सरावामुळे. मात्र सहा महिन्यांनी स्टाफ बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी, ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. ५०० मिलीची वाट बघत बसायचं नाही. ३०० मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल तर लगेच उपचार सुरू. म्हणजे मोजणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही.

विवेक_पाचपाखाडी

मला वाटतं थोडं अतिरंजित चित्र उभं राहतंय. महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ होतं, २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आपण बरंच चांगलं करतोय. गरोदर बायकांना घाबरवू नये.

सुनेत्रा_खारेगाव

विवेकराव, आकडे बरोबर आहेत, आणि त्या घसरणीत माझ्यासारख्या शेकडो जणींच्या पाळ्या आहेत, त्यामुळे मला त्याचा अभिमानच आहे. पण त्याच काळात केरळचा आकडा १९ होता. तिथे प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूचा गोपनीय आढावा घ्यायला सुरुवात केली. कागदावरून आईचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव काढून टाकायचं आणि मग तज्ज्ञांनी बसून बघायचं की कुठल्या टप्प्यावर काय करता आलं असतं. शिक्षा कुणाला नाही, म्हणून माणसं खरं लिहितात. डॉ. व्ही. पी. पैली यांनी ते काम वर्षानुवर्षं पुढे नेलं. आढाव्यात रक्तस्रावाचं कारण वरचेवर पुढे आलं तेव्हा त्यांनी गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या खालूनच पकडायचा एक चिमटासुद्धा तयार केला. पोट न उघडता.

आपल्याकडेही मातामृत्यूचं अन्वेषण होतं, त्याची समिती असते, फॉर्म असतो. पण 'कुणाची चूक' या प्रश्नावर बैठक सुरू झाली की सिस्टर गप्प बसते आणि केसपेपरवरच्या वेळा नीटनेटक्या होतात. मग त्यातून शिकणार काय?

३३ हा राज्याचा आकडा आहे. शहापूर-मुरबाडच्या बाईला तो तसाच लागू होत नाही.

आशाताई_शहापूर

ताईंनी शहापूरचं नाव काढलं म्हणून लिहिते. मी आशा स्वयंसेविका आहे. मोबाईलवर टाईप करते आहे, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे रक्तस्रावाची गोष्ट बाळंतपणाच्या कितीतरी आधी सुरू होते. बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ असतं. शहरातल्या बाईचं अर्धा लीटर गेलं तर ती सावरते, आमच्या बाईला तेवढंच भारी पडतं. लोहाच्या गोळ्या आम्ही देतो, पण मळमळ होते, संडासला काळं होतं, पोट गच्च राहतं. मग गोळ्या कपाटात पडून. 'खा' म्हणून नुसतं बजावून होत नाही. जेवणानंतर दे, चहाबरोबर घेऊ नको, काळं होणं म्हणजे गोळी लागू पडते आहे, हे दर वेळी बसून सांगावं लागतं. ज्या बाईच्या सासूला पटलं ती खाते.

दुसरं म्हणजे दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, कुठे कुठे. नाव माझ्या रजिस्टरला, बाई दुसऱ्याच्या हद्दीत. माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत राहतं. मी निघताना कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काढून ठेवते आणि भट्टी कुठे आहे ते विचारून तिथल्या आशाला फोन करते. हे मला कुणी शिकवलं नाही आणि याचा मोबदलाही नाही.

तिसरं, गाडी. १०८ येते, १०२ येते. पण उपजिल्हा रुग्णालयातून पुढे ठाण्याला पाठवलं की नाशिक हायवेला भिवंडी बायपासवर किती वेळ जाईल ते देवाला ठाऊक. रक्त चालू असताना तो रस्ता फार लांब होतो. पुढे पाठवण्याआधी जे द्यायचं ते जागेवरच दिलं पाहिजे, ताईंचं म्हणणं एकदम खरं आहे.

नेरुळचा_डॉक्टर

आशाताई, कार्डाच्या फोटोची तुमची युक्ती मी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गटात सांगणार आहे. त्याच पाचव्या सर्वेक्षणात राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, म्हणजे हा फक्त शहापूरचा प्रश्न नाही. गोळ्या सहन होत नसतील आणि दिवस पुढे गेले असतील तर लोह शिरेतून देता येतं. उपजिल्हा रुग्णालयात विचारून बघा.

प्रवासाबद्दल: ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एक उपाय काढला. कंडोम रबरी नळीला बांधून गर्भपिशवीत सरकवायचा आणि सलाईनने फुगवायचा. आतून दाब बसतो, रक्त थांबतं किंवा निदान कमी होतं, आणि बाई मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचते. परदेशी बनावटीचा फुगा महाग होता, म्हणून त्यांनी हाताशी होतं त्यातून हे केलं. मी स्वतः वापरला आहे. साहित्याचा खर्च अगदी किरकोळ.

मंदार_ऐरोली

मी आयटीत आहे, वैद्यकीय ज्ञान शून्य. पण आशाताईंचा गोळ्यांचा मुद्दा वाचून आठवलं. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेली अरमान ही मुंबईतली संस्था 'एममित्र' सेवा चालवते. गरोदर बाईच्या फोनवर, तिने निवडलेल्या वेळेला, तिच्या भाषेत, त्या आठवड्याला लागू असलेला निरोप ऐकू येतो. बाळ वर्षाचं होईपर्यंत. साधा फोन चालतो, वाचता यायची गरज नाही. अडचण अशी की काही बायका हळूहळू फोन उचलेनाशा होतात आणि प्रत्येकीला परत फोन करायला माणसं पुरत नाहीत. म्हणून गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी एक प्रणाली केली. या आठवड्यात कुणाशी प्रत्यक्ष बोललं तर ती टिकून राहील, हे ती सुचवते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतका नेमका उपयोग मी आमच्या क्षेत्रातही फार कमी पाहिला आहे.

आशाताई_शहापूर

फोन चांगलाच आहे दादा. पण घरात फोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. वेळ निवडताना हे विचारतात का ते बघा. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर.

मंदार_ऐरोली

वेळ निवडायची सोय त्याचसाठी आहे ताई. पण नोंदणी करतानाच 'फोन कुणाकडे असतो' हा प्रश्न स्पष्ट विचारायला हवा, हे तुमचं बरोबर आहे.

कल्याणची_लेक

थोडं अवांतर, पण या धाग्यात हे नाव यायलाच हवं. आनंदीबाई जोशी १८६५ साली आमच्या कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, आणि त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली, प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी वारल्या. आणि मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांचा गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा टाका आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

सुनेत्राताईंनी लिहिलेल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमागेही एक बाई आहे. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ते शोधलं. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते वापरून बघावं असं त्यांचं म्हणणं होतं, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी साथ दिली नाही. २०,०६० बायकांवरचा मोठा अभ्यास आला २०१७ मध्ये: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ओकामोतोबाई २०१६ मध्येच, ९८ व्या वर्षी वारल्या.

तेजस्विनी_जीएनएम

कल्याणची लेक, ही माहिती मला माझ्या वर्गात सांगायची आहे. आम्ही ते इंजेक्शन रोज भरतो.

मी नवी मुंबईत लेबर रूमला आहे, नोकरीला फार वर्षं झाली नाहीत. सुनेत्राताई, अधिकाराबद्दल लिहिते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरीचं (प्रशिक्षित प्रसूतिसेविकांचं) धोरण आणलं. अनुभवी नर्सला १८ महिन्यांचं प्रशिक्षण, आणि मग सरळ बाळंतपणं तिनेच स्वतंत्रपणे सांभाळायची. हैदराबादला फर्नांडिस हॉस्पिटलात डॉ. एविटा फर्नांडिस यांनी हे त्याच्याही आधी, २०११ मध्येच सुरू केलं होतं. स्वतः प्रसूतितज्ज्ञ असून त्यांनी मिडवाइफना पुढे केलं, हे मला फार मोठं वाटतं. डॉक्टरने आपल्या हातातलं काम दुसरीच्या हातात विश्वासाने द्यायचं म्हणजे साधी गोष्ट नाही.

मला हे शिकायचं आहे. पण शिकून परत आल्यावर मला पुन्हा इंजेक्शन भरायला आणि फायली लिहायलाच ठेवलं तर काय? पद असायला हवं, पगार असायला हवा, नाहीतर बदली होऊन मी डोळ्यांच्या वॉर्डात.

सुनेत्रा_खारेगाव

तेजू, हा प्रश्न तू इथे विचारलास तसा तुमच्या मेट्रनसमोर आणि संघटनेच्या बैठकीत विचार. लेबर रूमच्या प्रशिक्षित सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात करायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी बायका वाचतील. मी पाहिलं आहे, चांगली तयार झालेली टीम एका बदलीच्या आदेशाने मोडते.

पल्लवी_कासारवडवली

ताई, मी हॉस्पिटल ठरवताना नक्की काय विचारू? आणि आत कुणाला घेऊ देतात का? आईला बाहेर बसवून ठेवतात असं ऐकलं आहे.

सुनेत्रा_खारेगाव

पल्लवी, सोबतीबद्दल आधी. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक बाई. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. खाजगीत ज्याचं त्याचं धोरण, म्हणून आधीच विचार. आईला नुसती धीर द्यायला नेऊ नको. तिला सांगून ठेव: बाळंत झाल्यावर पहिले दोन तास लेकीकडे बघायचं, बाळाकडे बघायला बाकीचे आहेत. पॅड भराभर भिजतंय, घाम फुटलाय, तहान तहान करते आहे, घाबरीघुबरी झाली आहे, यातलं काहीही दिसलं तर सिस्टरला बोलवायचं आणि ती येईपर्यंत बोलवत राहायचं.

हॉस्पिटलला विचार की रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये कोण असतं, नाव नको, शिक्षण सांगा. रक्त कशाने मोजता? जास्त गेलं तर पहिलं इंजेक्शन कोण देतं, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागतं? रक्तपेढी कुठली, आणि तिथून पिशवी यायला किती वेळ लागतो? भूलतज्ज्ञ कुठून येतात? घोडबंदरला राहतेस, म्हणून हे शेवटचे दोन महत्त्वाचे, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधला वेळ विचार. आणि तुझं हिमोग्लोबिन आज किती आहे ते बघ. आशाताईंनी लिहिलेलं सगळं तुलाही लागू आहे.

विवेक_पाचपाखाडी

माझा आक्षेप मागे घेत नाही, भीती वाटू नये हे महत्त्वाचं आहेच. पण हे प्रश्न मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आहे. तीन घरांत तरी उपयोगी पडतील.

नेरुळचा_डॉक्टर

सुनेत्राताई, मी चादरी मागवल्या आहेत. सिस्टरने काय द्यायचं याचा लेखी आदेश सहीसकट लेबर रूमच्या भिंतीवर लावतो आहे, ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम धरून. तुम्हाला एक व्यवहारातली गोष्ट विचारायची आहे. पाणमोट फुटून येणारं पाणी पिशवीत मिसळलं की आकडा फुगतो. तुम्ही काय कराल? आणि सिझरचं कसं मोजू?

सुनेत्रा_खारेगाव

डॉक्टर, चादर बाळ बाहेर आल्यावर आणि पाणी वाहून गेल्यावरच सरकवायची, आधी नाही. आधीपासून घातलेली असेल तर पिशवी रिकामी करून शून्यापासून सुरुवात. पिशवी खाटेच्या कडेवरून खाली लोंबत राहील असं बघा, नाहीतर रक्त चादरीतच साठून राहतं आणि आकडा कमी दिसतो. पहिला तासभर ती काढायची नाही, टाके घालून झाले तरी. दर पंधरा मिनिटांनी आकडा, नाडी, बीपी आणि गर्भपिशवी टणक आहे की नाही, हे एकाच कागदावर.

सिझरला पाणी ओढून झालं की वार काढण्याआधी सक्शनच्या बाटलीवरचा आकडा मोठ्याने सांगायला लावा आणि फळ्यावर लिहा. शेवटच्या आकड्यातून तो वजा करायचा. मॉप वजन करून मोजा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली धरायचं, कोरड्या मॉपचं वजन आधीच काढून भिंतीवर लिहून ठेवायचं. त्यासाठी काटा वेगळा घ्या, बाळाचा वापरू नका. आणि वजन करायचं काम एकाच मावशीला नेमून द्या, तिला आकडा का हवा आहे ते नीट समजावून सांगा, म्हणजे एकही मॉप न मोजता बादलीत जाणार नाही.